कॉलेज निवडताना कॅम्पस आणि आजूबाजूचं गाव किती बघावं? (ठाण्याहून, केमिकल इंजिनिअरिंगसाठी)

कासारवडवली_आई

लेकीचा सीईटीचा निकाल लागला. केमिकल इंजिनिअरिंगच करायचं हे तिचं अकरावीपासून ठरलेलं आहे, त्यावर घरात दुमत नाही. माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं टाकणार आहोतच, पण तिचा परसेंटाइल बघता ते मिळेलच असं धरून चालता येत नाही. खरा प्रश्न त्याखालच्या नावांचा आहे.

तीन नावं समोर आहेत. खारघर स्टेशनसमोरचं भारती विद्यापीठ, म्हणजे घरून ये-जा. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, म्हणजे हॉस्टेल. आणि नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), तेही हॉस्टेल, शिवाय घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर.

फी, कट-ऑफ, प्लेसमेंट यांवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं, मीही ते वाचलंय. इथे मला जागेबद्दल विचारायचंय. चार वर्षं ती कुठे उठणार-बसणार, लेक्चर संपल्यावर कुठे जाणार, ताप आला तर डॉक्टर किती लांब, पावसात तिथे कसं असतं, गावातली माणसं विद्यार्थ्यांशी कशी वागतात. मिस्टरांचं म्हणणं, खारघर हाताशी असताना बाहेर कशाला. लेकीचा ओढा लोणेऱ्याकडे. सासूबाईंना तिन्ही लांबच वाटतात. ज्यांनी ही ठिकाणं जगली आहेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

नेरुळवासी

ताई, आधी खारघरच्या ये-जाचा हिशेब घरापासून कॉलेजच्या दारापर्यंत मांडा. स्टेशन ते स्टेशन मांडलात तर फसगत होईल. ठाणे-पनवेल लोकलला खारघरपर्यंत साधारण पाऊण तास लागतो, आणि हा प्रवास अजिबात वाईट नाही. गाडी ठाण्याहूनच सुटते. संध्याकाळी ती पनवेलहून येते, त्यामुळे खारघरला चढताना बहुतेक वेळा बसायला मिळतं. गर्दी घुसते ती घणसोली, रबाळे, ऐरोलीला.

खरा वेळ जातो तो कासारवडवली ते ठाणे स्टेशन. घोडबंदर रोडवर सकाळी काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बस सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत बसथांब्यावर, पश्चिमेला सोडणार, मग अख्खा पूल ओलांडून नऊ-दहा नंबरवर यायचं. तेवढ्यात एक पनवेल डोळ्यांदेखत सुटते. आमचा मुलगा उलट दिशेने, नेरुळहून ठाण्याला शिकायला जात होता. गाडीत त्याला कधी त्रास झाला नाही, स्टेशनच्या बाहेर मात्र रोज झाला.

निवृत्त_प्राध्यापक

मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. कॉलेजचं नाव महत्त्वाचं नाही, कारण जे सांगतोय ते इथल्या बहुतेक कॉलेजांना लागू आहे.

नवी मुंबईत कॉलेजं स्टेशनजवळ आहेत, ही फार मोठी सोय. नेरुळला उतरलं की तेरणा पायी गाठता येतं, वाशीचं फादर अॅग्नेलही फार लांब नाही, तुमचं खारघरचं तर स्टेशनसमोरच आहे. सिडकोने आखलेलं शहर असल्याने रस्ते, फूटपाथ, झाडी बरी आहे. पण या सोयीची दुसरी बाजू मी रोज पाहिली. शेवटचं प्रॅक्टिकल साडेचार-पाचला संपतं आणि वीस मिनिटांत कॉलेज रिकामं होतं. मुलांना गाडी धरायची असते. कल्याण, बदलापूर, ठाणे, पनवेल, उरण अशी ती पांगतात. वाचनालय उघडं असतं, खो-खोचं मैदान असतं, पण तिथे थांबतो कोण? प्रयोगात चूक झाली तर पुन्हा करून बघायला मुलगा थांबत नाही, जर्नल उतरवून मोकळा होतो. त्याला आळशी म्हणून चालणार नाही. त्याला पाच चाळीसची गाडी असते.

माझ्या मते जागा बघायची म्हणजे हे बघायचं. इमारत, हिरवळ, डोंगर हे चार दिवसांत सवयीचं होतं. संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात तुमची मुलगी कुठे असेल आणि कोणासोबत असेल, यावर पुढची चार वर्षं ठरतात. घरून ये-जा करणाऱ्या मुलीचे हे पाच तास गाडी, बस, जेवण आणि थकवा यांत जातात. हॉस्टेलवरच्या मुलीकडे ते असतात. ती ते वाया घालवेल की सत्कारणी लावेल हा वेगळा प्रश्न, पण आधी हातात तर असायला हवेत.

आणि एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांनी हमखास विचारावी. वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं हे सगळे विचारतात. मुलींच्या हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं हे त्याच्या जोडीला विचारा. वाचनालय अकरापर्यंत आणि मुलींच्या हॉस्टेलची वेळ आठची असेल, तर ते वाचनालय तुमच्या मुलीसाठी आठपर्यंतच आहे. प्रयोगशाळा, मैदान, स्पर्धेच्या तयारीच्या खोल्या, सगळ्याला हेच लागू.

ऐरोली_मेघा

सरांना अनुमोदन. हॉस्टेलच्या दाराचा मुद्दा फार महत्त्वाचा. आमच्या वेळी प्रोजेक्टचं रात्रीचं काम मुलगे करायचे आणि आमच्या वाट्याला रिपोर्ट लिहिणं यायचं, त्याचं कारण निव्वळ हे दार होतं.

डोंबिवली_बाबा

मी थोडं विरोधात लिहितो. चार वर्षं जागेची, पण पुढची चाळीस वर्षं पदवीची. डोंगर आणि धुकं बघून कोणी नोकरी देत नाही. शाखेला एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन आहे का, शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, कुठल्या कंपन्या येतात, हे आधी बघा. गाव नंतर. शिवाय हॉस्टेल, मेस, दर सुट्टीचं येणं-जाणं हा खर्च घरी राहून वाचतो. मध्यमवर्गीय घराला तो जाणवतो. माझ्या दोन्ही मुलांनी घरून ये-जा करून पदव्या घेतल्या आणि दोघंही चांगल्या कामावर आहेत.

निवृत्त_प्राध्यापक

डोंबिवली_बाबा, मानांकन आणि शिक्षक आधी बघावेत, याबद्दल वादच नाही. जागेचा विचार त्या चाळणीतून उरलेल्या नावांसाठीच करायचा.

पण केमिकलच्या बाबतीत गाव हा अभ्यासाचाच भाग होतो. या शाखेच्या मुलांना कारखाना लवकर दिसला पाहिजे. वर्गात फळ्यावर काढलेला ऊर्ध्वपातनाचा स्तंभ आणि आवारात उभा असलेला चार मजली स्तंभ, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचा आवाज, त्याचा वास, यांत फार अंतर आहे. खारघरच्या मुलांना तळोजा एमआयडीसी शेजारी, ठाणे-बेलापूर पट्टा मागे, पाताळगंगाही आवाक्यात. लोणेऱ्याच्या मुलांना महाड एमआयडीसी जवळ, रोह्याची धाटाव त्यापुढे. म्हणजे या कसोटीवर दोन्ही ठिकाणं उजवी आहेत. फक्त कॉलेज मुलांना आत नेतं का, आणि सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी पत्र देऊन पाठपुरावा करतं का, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कार्यालयात विचारलंत तर 'हो' हेच उत्तर मिळेल.

खर्चाबद्दल: ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातल्या आणि वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असला पाहिजे. ताईंना हे लागू होत असेल तर वाचलेल्या पैशांत हॉस्टेलचा विचार जमू शकेल.

कृष्णाकाठ

मूळ सांगलीचा नाही, पण वालचंदला शिकलो आणि आता ऐरोलीत राहतो. वालचंदला केमिकल नाही, त्यामुळे ते तुमच्या यादीत येत नाही. तरी गावाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, कारण गाव चांगलं असणं म्हणजे नेमकं काय, ते मला तिथे कळलं.

१९४७ चं कॉलेज, विश्रामबागेत. सांगली एका हाताला, मिरज दुसऱ्या हाताला. बाहेरच्या मुलाला आठ दिवसांत गाव पाठ होतं. मी भांडुपहून गेलो होतो. पहिला महिना करमलं नाही, कारण आठनंतर रस्ते शांत होत. मग खानावळीचं रुटीन बसलं. आम्ही एका काकूंकडे जेवायचो. त्यांच्याकडे वही असायची, कोण जेवलं, कोण नाही याची खूण करायला. मी दोन वेळा लागोपाठ आलो नाही तर तिसऱ्या वेळी त्या रूमपार्टनरला विचारायच्या, तो का आला नाही, बरा आहे ना? एकदा मला कावीळ झाली. तेव्हा बिनतेलाची भाजी आणि मऊ भात वेगळा डब्यात भरून त्या रोज पाठवायच्या, वरचे पैसे घेतले नाहीत. मुंबईत मी ज्या बिल्डिंगमध्ये वाढलो तिथे वरच्या मजल्यावरचा माणूस महिनाभर दिसला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नसे.

शनिवारी कृष्णेच्या घाटावर, गणपती मंदिरात, येताना भडंग. मिरजेत सतारी-तानपुरे करणाऱ्यांच्या दुकानांची गल्ली आहे, तिथे आमचा एक मित्र तासन्‌तास बसायचा. कारागिरांनी त्याला कधी हाकललं नाही, उलट भोपळा कसा निवडायचा ते दाखवलं. तो मेकॅनिकलचा होता. पुढे ध्वनीशास्त्रात शिकायला गेला. ते कॉलेजच्या कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं, गावाने दिलं.

वाईटही सांगतो. २००५ चा पूर आमच्या समोर आला, पुढे २०१९ आणि २०२१ लाही आला. पाणी मुख्यतः गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी इकडे चढतं. आम्ही हॉस्टेलची मुलं धान्याची पाकिटं भरायला गेलो. गावाला आपली गरज आहे असं वाटण्याचं वय होतं ते. नदीकाठच्या कुठल्याही गावात मूल पाठवताना पुराची रेषा कुठपर्यंत येते ते विचारा, आणि ते स्थानिक माणसालाच विचारा.

मुद्दा एवढाच, की विद्यार्थ्यांवर चालणारं आणि विद्यार्थ्यांना ओळखणारं मध्यम गाव मिळालं तर डोळे झाकून पाठवा.

खारघरकर

मी उत्सव चौकापासून जवळ राहतो. अजून कोणी हे लिहिलं नाही म्हणून लिहितो: खारघरलाच पीजी (पेइंग गेस्ट खोली) घेऊन राहणं हा तिसरा मार्ग आहे. घर पाऊण-एक तासाच्या गाडीवर, आणि तरीही सरांनी सांगितलेले पाच तास हातात.

खारघर खरं तर विद्यार्थ्यांचं गाव झालंय. फॅशनचं निफ्ट आहे, आणखी तीन-चार इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं आहेत. त्यामुळे खानावळी, झेरॉक्सवाले, अभ्यासिका, जुनी पुस्तकं घेणारे सगळे आहेत. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाल्यावर आतल्या सेक्टरांतून फिरणं सोपं झालं. फक्त ती खारघर रेल्वे स्टेशनवरून जात नाही, बेलापूरला सुरू होते, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी सेंट्रल पार्कच्या बाजूला मुलं-मुली पळायला येतात, रस्ते रुंद आहेत, दिवे आहेत, रात्री नऊला मुली निर्धास्त चालताना दिसतात. माझी भाची दोन वर्षं पीजीत होती.

आता काळजीच्या गोष्टी. पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे सुटतात आणि कॉलेजची मुलं पांडवकड्याकडे धावतात. तिथे बुडून जीव गेलेले आहेत, म्हणून पावसाळ्यात बंदी असते. लेकीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा, ग्रुप कितीही म्हणाला तरी नाही. दुसरं, तळोज्याच्या बाजूच्या सेक्टरांत काही रात्री रसायनांचा उग्र वास येतो. खोली दिवसा बघून ठरवू नका, रात्री दहाला एकदा जाऊन खिडकी उघडून उभ्या राहा. तिसरं, पीजीचा करार नीट वाचा. डिपॉझिट परत देताना रंगकाम, सफाई अशी कारणं काढून पैसे कापून घेतात, भाचीचे निम्मे गेले.

खाडीकाठ

विषय इंजिनिअरिंगचा आहे, तरी ठाण्याबद्दल एक ओळ लिहायची राहवत नाही. मी ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजची विद्यार्थिनी. चेंदणी बंदर रोडवरच्या त्या आवारामागे खाडी आणि कांदळवन आहे. जीवशास्त्राच्या तासाला आम्ही चिखलात उतरून खेकड्यांची बिळं मोजली आहेत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून प्रॅक्टिकल लागायचं. ठाणे खाडी २०२२ साली रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत गेली तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर दिवाळी होती. मत्स्यशास्त्र करणारी रत्नागिरीला शिरगावात जाते, शेतकी करणारा दापोलीला, ते याचसाठी. तुमच्या विषयाचा कच्चा माल कॉलेजच्या कुंपणापलीकडे असेल तर ते कॉलेज यादीत वर न्या.

नागपूरकर_घणसोली

एलआयटीबद्दल थोडक्यात. १९४२ ची संस्था, अमरावती रोडवर, आवार जुन्या झाडांचं, फुटाळा तलाव जवळ. केमिकल हाच तिथला श्वास आहे, चहाच्या टपरीवरही त्याच गप्पा. उन्हाळा कडक, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, मुंबईच्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते, म्हणजे एक रात्र. पण दर पंधरवड्याला येणं होत नाही, दिवाळी आणि मे, बस. मुलगी एकटीने निभावणारी असेल तरच वर ठेवा. गाव मात्र मोठ्या मनाचं आहे, हे माझं गाव म्हणून लिहीत नाही.

कासारवडवली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचा पाच ते दहाचा मुद्दा मिस्टरांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, लोणेऱ्याला एकदा जाऊन तर येऊ. आता लेकीलाच लिहू देते, ती मागे उभी आहे.

आईच्या आयडीवरून मी लिहितेय. मला लोणेरे का हवंय ते घरी नीट सांगता येत नाही, इथे लिहून बघते. मी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं क्लाससाठी घोडबंदरहून नौपाड्याला ये-जा केली. बसमध्ये उभ्याने फॉर्म्युले पाठ केले. मैत्रिणी झाल्या, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे बसस्टॉपवरचं बोलणं. मला रात्री एखादं गणित अडलं तर शेजारच्या खोलीचं दार वाजवून विचारायचंय. जिथे सगळे एकाच गोष्टीच्या मागे आहेत अशा ठिकाणी राहायचंय. दोन गोष्टींची भीती वाटते. मी सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, ते सुटेल. आणि लोणेरे लहान आहे हे मला माहीत आहे, पण किती लहान, आणि एखाद्या रविवारी करमलं नाही तर काय करायचं, याचा अंदाज येत नाही. तिथे शिकलेल्या ताई-दादांनी खरं खरं सांगा.

लोणेरे_बॅच

खरं खरं सांगतो, बाळा.

लोणेरे लहान म्हणजे खूपच लहान. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, माणगाव आणि महाडच्या मधे. १९८९ ला विद्यापीठ आलं आणि मग त्याच्या आधाराने दुकानं वाढली. नाटक, कपड्यांची मोठी दुकानं यातलं काही नाही. सामान आणायचं तर माणगाव, जरा मोठी खरेदी तर महाड. विद्यापीठ महामार्गापासून आत आहे, चहूकडे भाताची शेतं आणि डोंगर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत सूर्य पाहुण्यासारखा येतो. चादर ओलसर, वही ओलसर, बुटांना बुरशी. ज्याला कोकणातला पाऊस सोसत नाही त्याने जाऊ नये.

पण तुला जे हवंय ते तिथे आहे. जायला दुसरी जागाच नसल्यामुळे सगळे तिथेच असतात. रात्री मेसनंतर हॉस्टेलच्या पायऱ्यांवर आमचा अभ्यास चालायचा. थर्मोडायनॅमिक्स मला वर्गात कळलं नाही, सातारच्या एका सीनिअरने पायरीवर खडूने आकृती काढून समजावलं. पाऊस आला तर आकृती पुसली जायची, तो पुन्हा काढायचा. महाराष्ट्रभरातली मुलं होती. नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग. मुंबईच्या मुलाला स्वतःच्या बाहेरचा महाराष्ट्र पहिल्यांदा भेटतो तो असा. माझी मराठी तिथे सुधारली.

रविवारचं म्हणशील तर पावसाळा संपल्यावर रायगड. महाडला चवदार तळं. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकतो त्यांनी १९२७ ला तिथे सत्याग्रह केला, आणि ते आपल्यापासून तासाभराच्या आत आहे, हे पहिल्यांदा तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं. काही रविवारी काहीच नसतं. तेव्हा कपडे धुवायचे आणि झोपायचं.

गाण्याचा गुरू तिथे मिळेल असं मी खोटं सांगणार नाही. ऑनलाइन शिकवणी आणि सुट्टीत ठाण्याला येऊन तालीम, एवढंच जमेल. रियाजाला जागा मात्र भरपूर, पहाटे शेताच्या बाजूला कोणी अडवत नाही.

येण्या-जाण्याचं: ठाण्याहून दीडशेएक किलोमीटर. एसटी आहे, पण महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि माणगाव-इंदापूरची कोंडी, विशेषतः गणपतीत, अंत बघते. रेल्वेने दिव्याहून सकाळची सावंतवाडी पॅसेंजर, गोरेगाव रोड किंवा माणगावला उतरायचं. गणपतीत घरी यायचं असेल तर आरक्षणाची खिडकी उघडते त्या दिवशीच तिकीट काढ.

ताई, तुमच्यासाठी: माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, साध्या आजाराला जवळपास डॉक्टर मिळतात. मोठं काही असेल तर पनवेल-मुंबई गाठावी लागते, हे धरूनच निर्णय घ्या. जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होतं. तसे दिवस आले तर रस्ता, वीज, नेटवर्क सगळं जातं आणि मुलं आत सुरक्षित असली तरी तुमचा फोन लागत नाही. त्या दिवसांसाठी हॉस्टेलच्या रेक्टरांचा आणि गावातल्या एखाद्या दुकानाचा असे दोन नंबर घरी लिहून ठेवा.

ऐरोली_मेघा

रॅगिंगचं कोणी लिहिलं नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांचं हमीपत्र भरून घेतात. अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, देशभर एकच, चोवीस तास. लेकीच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. आणि कुठेही बघायला गेलात तर पालक म्हणून एकट्या चौकशी करू नका, लेकीला पहिल्या वर्षाच्या मुलींसोबत अर्धा तास एकटं सोडा. आपल्यासमोर मुली बोलत नाहीत.

कासारवडवली_आई

जाऊन आलो. मुद्दाम मंगळवार धरला, कामाचा दिवस असतो म्हणून. पाऊस धो-धो.

मेघाताईंनी सांगितलं तसंच केलं. लेक मुलींबरोबर वर गेली आणि आम्ही दोघं खाली बाकावर बसलो. समोरच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या, त्यावर कपडे. एक मुलगी हेअर ड्रायरने मोजे वाळवत होती, दुसरी तिला वही धरून व्हायवाचे प्रश्न विचारत होती. मोजे वाळेपर्यंत त्यांचे हीट एक्सचेंजरवरचे प्रश्न चालले होते. मिस्टर पूर्ण वेळ तिकडेच कान लावून होते. ते स्वतः एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, एका उत्तराला त्यांच्याकडून नकळत 'बरोबर' निघालं आणि दोघी हसल्या. मग त्या मुलींनी त्यांनाच दोन शंका विचारल्या.

लेक खाली आली ती यादी घेऊन. दाराची वेळ, वाचनालयाची वेळ, मेसमध्ये काय आवडत नाही, कोण मॅडम रात्रीही फोन उचलतात. येताना गाडीत झोपली.

दुसऱ्या दिवशी रात्री खारघरलाही जाऊन आलो, दहा वाजता. ज्या दोन खोल्या बघितल्या त्यांतल्या एकीत वास होता, दुसरीत नव्हता. चौकात मुलं अभ्यासिकेतून बाहेर पडत होती, ते बघून बरं वाटलं. घरून ये-जा करायची नाही, हे आता तिघांचंही ठरलंय. आयसीटी मिळालं तरी घोडबंदरहून माटुंगा हा प्रश्न उरतोच, त्याचं तेव्हा बघू.

फॉर्मचा क्रम: आयसीटी, लोणेरे, खारघर (पीजी धरून), एलआयटी. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांना पुढच्या वेळी सोबत घेऊन जाणार आहे.

डोंबिवली_बाबा

ताई, क्रम मनापासूनचाच ठेवा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप पक्की होते, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही. कोणाच्या सांगण्यावरून 'सेफ' म्हणून भलतं नाव वर सरकवू नका. आणि तुमचा वृत्तांत वाचून सांगतो, मिस्टरांना लोणेऱ्याला नेलंत हे उत्तम केलंत. फॉर्म लॉक करताना तेही शेजारी असू द्या.

निवृत्त_प्राध्यापक

लेकीची ती यादी जमलं तर इथे टाका. दरवर्षी जुलैत हाच प्रश्न घेऊन पालक येतात, त्यांना उपयोग होईल.

कासारवडवली_आई

टाकते सर, तिला टाइप करायला बसवलंय. तोवर लोणेरे_बॅच, एक विचारायचं राहिलं. तिला हार्मोनियम न्यायची आहे. न्यावी का?

लोणेरे_बॅच

जून ते ऑक्टोबर नको. दमटपणाने भाता आणि स्वरपट्ट्या दोन्ही बिघडतात, आमच्या विंगमध्ये एकाची पेटी पहिल्याच पावसात बसली. तोवर फोनवरच्या तानपुऱ्यावर भागवायचं. दिवाळीनंतर पेटी आणायची आणि मेच्या सुट्टीला येताना परत घरी. सोबत डांबरगोळ्या, प्लॅस्टिकचे झाकणवाले डबे, कपडे वाळवायची जास्तीची दोरी आणि दोन छत्र्या द्या. एक छत्री पहिल्या महिन्यातच मोडते.